एका फळीवरची दोन घड्याळं

आप्पा, आज संध्याकाळी प्रयोगशाळेतली मुलं घरी गेल्यावर मी एका जुन्या घड्याळापाशी एकटीच बसले होते, आणि तुमच्या दुकानातली सागवानी फळी आठवली. आठवली म्हणजे दिसलीच, दोन्ही टोकांच्या लोखंडी कोनांसकट. तुम्ही गेलात तेव्हा माझं एम.एस्सी. चाललं होतं, त्यामुळं पुढं मी जन्मभर काय केलं हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. घड्याळांचंच केलं. फक्त त्यांना चावी नाही, काटे नाहीत, लंबकही नाही. हवा काढून घेतलेल्या काचेच्या भांड्यात प्रकाशानं थोडे अणू धरून ठेवायचे आणि त्यांना इतकं गार करायचं की ते जवळजवळ जागच्या जागी पडून राहावेत. धावणाऱ्या माणसाची नाडी मोजता येत नाही, निजलेल्याची येते, तेवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक अणूची आपली एक ठरलेली थरथर असते, ती मोजायची आणि तिच्यावरून सेकंद ठरवायचा. भांड्यात बघितलं तर एक निळा ठिपका दिसतो, खसखशीच्या दाण्याएवढा, अधांतरी. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ते ऱ्हाऊ दे, चावी कुटं द्यायची ते सांग."

सांगलीत एसटी स्टँडामागच्या बोळात आपलं दुकान होतं. फौजेच्या वर्कशॉपात तुम्ही दुर्बिणी आणि घड्याळं उघडायला शिकलात, नाईकाच्या हुद्द्यावरून बाहेर पडलात, आणि गावाकडं न जाता इथं पाटी लावलीत. तोफांनी तुमचा उजवा कान नेला होता. म्हणून तुम्ही घड्याळाच्या उजव्या बाजूला उभे राहायचात आणि डावा कान पेटीला लावायचात, डोळे मिटून. छप्पन सालानंतर आपण बौद्ध झालो तेव्हा घरातल्या भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवल्यात, बुद्धाची एक लावलीत, आणि उरलेल्या खिळ्यांना दुरुस्तीची घड्याळं टांगलीत. "खिळं रिकामं कशाला ठिवायचं?" म्हणालात. आईला ते फार लागलं. पुढं कितीतरी वर्षं त्या भिंतीवरून नजर फिरवताना ती प्रत्येक खिळ्यापाशी थोडी थांबायची, आणि तिथला लंबक तिच्याकडं बघून मान हलवायचा. मला हसू यायचं. आता येत नाही.

दुकानात तुमची एक पद्धत होती. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ आठवडाभर फळीवर टांगायचं, तुमच्या थोरल्या घड्याळाशेजारी. थोरलं तुम्ही रेडिओवरच्या वेळेशी जुळवून ठेवलेलं असायचं. नव्याचा ठोका थोरल्याच्या ठोक्याला मिळाला आणि आठवडाभर मिळून राहिला, की घड्याळ पास. मी विश्रामबागेतल्या कॉलेजातून सुटले की दुकानात येऊन अभ्यासाला बसायचे, आणि खरं सांगते आप्पा, मला तिथं बसणं नको वाटायचं. फळीवर एवढी घड्याळं, पण आवाज एकच. लंबक सगळे एकदम वळायचे. थोरलं आणि त्याच्या शेजारचं तर फुगडी घालणाऱ्या पोरींसारखी समोरासमोर यायची आणि एकदम मागं जायची. दोन ठोक्यांच्या मधे जी शांतता पडायची ती इतकी पुरी असायची, की दारात आलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता थांबायचं आणि उगाच मागं वळून बघायचं. तुम्हाला मात्र त्या शांततेचा अभिमान. "ऐक," म्हणायचात, "समदी येका मनानं चालल्यात."

सुभेदार पहिल्यांदा आले ते सदुसष्टचा पाऊस सरल्यावर. रहिमतपूरचे, शेती असलेले, फौजेतून निवृत्त झालेले. मुलगाही फौजेतच, कुठंतरी उत्तरेला. टोल्यांचं घड्याळ त्यांनी बायकोच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. ती बाई त्याच वर्षी गेली होती. ज्या मधल्या खोलीत हे घड्याळ टांगलेलं तिथंच तिचं अंथरूण होतं, आणि घड्याळाला चावीही तीच द्यायची. तुम्ही लुगड्याची गाठ सोडलीत तेव्हा दुकानभर कापराचा वास पसरला.

"नाईक, ह्ये बगा," सुभेदार म्हणाले, "आमची मंडळी गेली तवापास्नं ह्ये मागं ऱ्हायला लागलंय. रोज थोडं थोडं. मी मिलिटरीचा मानूस, मला कळतंय."

तुम्ही घड्याळ उघडलंत, पुसलंत, तेल दिलंत, फळीवर टांगलंत. आठवडाभर ते थोरल्याशी ठोक्याला ठोका देत चाललं. सुभेदार येऊन घेऊन गेले. दिवाळीच्या आधी परत आले. दुकानात बरं चालतं, घरी नेलं की मागं पडतं. तुम्ही पुन्हा सगळं उघडलंत, पुन्हा टांगलंत, पुन्हा ते मुकाट बरोबर चाललं. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा बोळातली चार माणसं मागोमाग आली, कारण तोवर गोष्ट पसरली होती. समोरचा शिंपी दारातूनच म्हणाला की परस्थळी नीट वागतंय आणि घरी गेलं की बिघडतंय म्हणजे ते घड्याळाचं दुखणंच नव्हे.

सुभेदारांना याची लाज नव्हती. उलट चेहऱ्यावर काहीतरी मऊ होतं. "आवं नाईक, तुमी कशापायी कष्ट घेताय? ती हाय त्यात. शेताला निगालो की मी म्होरं चालायचो, ती पाटीमागनं. हाका मारल्या तरी माज्या बरोबरीनं कदी आली न्हाई. तसंच हाय ह्ये. मला कायबी तरास न्हाई त्याचा. पन सूनबाई भ्यालीया. मधल्या खोलीत पाऊल टाकत न्हाई, म्हायेराला जाते म्हनती. तिच्यासाटनं आनलंय."

"सुभेदार, त्यात कोन न्हाई," तुम्ही म्हणालात. "कारन असतंय. दिसंना म्हंजे आपून अजून नीट बगितलं न्हाई."

मग कुणीतरी ते बोललंच. कोण ते आता आठवत नाही, आवाज आठवतो. भिंतीवरचे देव काढले त्या घरात असंच व्हायचं. फळीवरचा तो एक ठोका तेवढा ऐकू येत होता. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्या घड्याळात भूत निगालं, तर उतरवलेलं समदं देव मी माज्या हातानं परत भित्तीला लावतो. न्हाई निगालं, तर सुभेदारांनी हितंच हुबं ऱ्हाऊन तसं सांगायचं."

त्या दिवसापासून आपल्या घरात कुणी नीट जेवलं नाही. तुम्ही काय पणाला लावलंत ते आई आणि मी दोघीही ओळखून होतो. तसबिरी तुमच्या दृष्टीनं काचेच्या आणि कागदाच्या होत्या, पण त्या परत लावणं म्हणजे बोळासमोर मान खाली घालून जुन्या जागी जाऊन बसणं. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "लावा की येकांदी. कुनाला कळतंय?" तुम्ही ताट बाजूला सारलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

एका दुपारी तुम्ही सामान आणायला बाहेर गेलात आणि मी दुकानात एकटी होते. सुभेदारांचं घड्याळ थोरल्याच्या शेजारी चाललेलं. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी पेटीचं दार उघडून त्याचा लंबक हातानं धरला, आणि मुद्दाम अवेळी सोडला. लगेच दोन आवाज झाले, एक टिक, एक मागून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या दुकानात दोन घड्याळं असल्यासारखं वाटलं. मी पुस्तक उघडून बसले. वाचत नव्हते, ऐकत होते. मागचा ठोका हळूहळू पुढं सरकत होता. घाई नाही, कुणी बोलावल्यावर पदर सावरत यावं तसा. ऊन दारातून मागं हटेपर्यंत तो येऊन पोचला, आणि पुन्हा एकच आवाज, पुन्हा ती शांतता. मी दाराबाहेर येऊन पायरीवर बसले. तुम्ही आल्यावर सांगितलं, तर तुमचा चेहरा उजळला. "बगितलंस? चांगलं घड्याळ आपल्या आपन वळनावर येतंय. त्याच्यात काय बी खोट न्हाई." खोट नाही हे खरं होतं. पण आपण चुकीच्या गोष्टीवर खूश झालो होतो, दोघंही. मला तर त्याच महिन्यात कॉलेजात एका दोरीला दोन लंबक टांगून प्रयोग करायला लावला होता. एकाची हालचाल दोरीवाटे दुसऱ्यात जाते हे मी तिथं बघितलं, लिहिलं, चांगले मार्क मिळवले आणि दुकानात येऊन भुताला घाबरले. शिकलेलं डोकं घरी येताना कॉलेजातच ठेवून यायचं, अशी माझी शिस्त होती.

डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पहाटे आपण सगळे अंगणात उभे, जमिनीतून ट्रक जावा तसा आवाज, आणि घरातली खिळ्यांवरची घड्याळं भिंतीवर आपटतायत. उजाडल्यावर तुम्ही आणि मी दुकानात गेलो. फळी एका कोनातून सुटून लोंबत होती, खाली काचांचा खच. थोरलं आणि सुभेदारांचं, दोन्ही वाचली होती, पण थांबली होती. तुम्ही थोरलं मागच्या भिंतीला नवा खिळा ठोकून लावलंत आणि सुभेदारांचं बाजूच्या भिंतीला, तात्पुरतं. पुढं कितीतरी महिने धक्के येत राहिले. आधी जमीन गुरगुरायची, कुत्री गप्प व्हायची, मग भांडी वाजायची. भर दुपारी दुकानात बसलं असताना बंद घड्याळांचे लंबक आपोआप हलायला लागायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा थांबायचे, जणू कुणी एकेकाला विचारून पुढं गेलं. त्या दिवसांत मी तुमच्यापासून लांब बसत नसे.

आणि त्याच दिवसांत दुकानात दोन आवाज आले. थोरलं आपल्या चालीनं, सुभेदारांचं आपल्या. पहिल्या दिवशी कळलं नाही. आठवड्यानं सुभेदारांचं घड्याळ चांगलं काही मिनिटांनी मागं. तुम्ही कितीतरी वेळ दोघांच्या मधे उभे होतात, एकदा इकडं मान, एकदा तिकडं. मग फळी परत कोनांवर चढवलीत, दोन्ही घड्याळं तिच्यावर शेजारी टांगलीत. दुसऱ्या दिवशी एकच आवाज. मग सुभेदारांचं उतरवून पुन्हा वेगळ्या भिंतीवर. दोन आवाज. तुम्ही फळीवर तळहात ठेवलात, मला म्हणालात, ठेव. मी ठेवला. लाकूड थरथरत होतं, कळेल न कळेल इतकं. थोरलं त्या लाकडातून शेजारच्याचं बोट धरून त्याला चालवत होतं.

"म्हंजे हितं ते कदी बरोबर चाललंच न्हाई," तुम्ही म्हणालात. "ह्याच्या संगतीनं चाललं." आणि मग तुमच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या फळीवर पास झालेलं प्रत्येक घड्याळ असंच पास झालं होतं. तुमचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. भूत सापडलं होतं आणि ते तुमच्याच पद्धतीत निघालं होतं. लोकांच्या घरांत तुमच्या हातची घड्याळं मागं-पुढं चालली होती, आणि कुणी फौजी नव्हतं म्हणून कळलं नव्हतं. तुम्ही फळी उतरवलीत आणि ती परत कधी लावली नाहीत.

सुभेदारांच्या घड्याळाच्या लंबकाखालची चक्री तुम्ही थोडी वर फिरवलीत, वेगळ्या भिंतीवर ठेवून पारखलंत, आणि आपण दोघं एसटीनं रहिमतपूरला गेलो. घड्याळ तुमच्या मांडीवर, लंबक माझ्या. मधली खोली अंधारी, शेणानं सारवलेली. सून उंबऱ्याच्या अलीकडं, पोटुशी, पदर तोंडाशी. तुम्ही घड्याळ टांगलंत, उजव्या बाजूला उभं राहून कान लावलात. आपल्याला चहा कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपांतून आला. तुम्ही तो प्यालात आणि कप विसळून ठेवलात.

महिन्यानं सुभेदार दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ठरल्याप्रमाणं उभं राहून, बोळाकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणाले, "नाईकांनी घड्याळ नीट केलंय. बरोबर चालतंय. त्यात कायबी न्हवतं." शिंप्यानं ऐकलं, पानवाल्यानं ऐकलं. मला वाटलं, जिंकलं! आईला जाऊन कधी सांगते असं झालं. तेवढ्यात सुभेदार तुमच्याकडं वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी जिकलासा नाईक. सूनबाई आता मधल्या खोलीत निजतीया. पन माझ्या मागनं आता कोन येत न्हाई बगा." आणि तो उंच, मिशीवाला माणूस तुमच्या दुकानात लुगड्याच्या घडीनं डोळे पुसायला लागला. ते लुगडं त्यांनी परत करायला आणलं होतं, का नुसतंच बरोबर आणलं होतं, कुणास ठाऊक. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवायला निघालात आणि मधेच थांबलात. तो हात मला अजून दिसतो, अधांतरी राहिलेला. तेवढा हात तुम्ही ठेवायला हवा होता, असं मला आजही वाटतं आणि त्यांनीच तुमचा हात का धरला नाही याचा रागही येतो.

उन्हाळ्यात तुम्हीच म्हणालात, रहिमतपूरला जाऊन येऊ, बघू कसं चाललंय. बोलावणं नव्हतं. आपण पोचलो तर सुभेदार ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. तुम्हाला बघून उठले आणि चोरी सापडल्यासारखे हसले. "घड्याळ पुन्यांदा मागं पडतंय, नाईक."

मी आत बघितलं. खरंच, तुमच्या मनगटावरच्या वेळेहून चांगलं मागं होतं. एवढी फळी, एवढी भिंत, आणि तरीही? सून पाणी घेऊन आली आणि माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "भिऊ नगासा. मामंजीच स्टुलावर चढून ती खालची चक्री फिरवत्यात. मी बगितलंय दोनदा. मी कायबी म्हनत न्हाई. आता भ्या न्हाई वाटत मला."

मी तुमच्या कानात सांगितलं, डाव्या. तुम्ही ऐकलंत, घड्याळाकडं गेलात, उजव्या बाजूला उभे राहिलात, कान लावलात. सुभेदार बघत होते. ज्या माणसानं या एका घड्याळासाठी भिंतीवरचे देव पणाला लावले, त्याचा हात चक्रीकडं जाणार हे मला माहीत होतं. नाही गेला. तुम्ही मागं वळलात आणि म्हणालात, "व्हय सुभेदार. पडतंय खरं मागं." त्यावर सुभेदारांनी तुमचा हात धरून तुम्हाला ओसरीवर आपल्या शेजारी बसवलं. चहा आला तो घरातल्या कपांतून आला. आणि आत ते घड्याळ एकेक ठोका उशिरा देत राहिलं, अंधारात कुणी मागून येत असल्यासारखं. मला सगळं ठाऊक असूनही मी त्या खोलीकडं पाठ करून बसले नाही.

परत येताना एसटीत मी तुमच्याशी भांडले. अठरा-एकोणीस वर्षांची होते, न्याय-अन्याय फार कळायचं. म्हटलं, चुकीचं चाललेलं घड्याळ तुम्ही तसंच कसं सोडलंत? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "कारन ठावं हाय न्हवं? मग झालं. कारन ठावं असल्यावर घड्याळ चुकीचं कसं?" आणि थोड्या वेळानं, "त्या मानसाच्या पाठीवर हात ठिवला न्हाई मी तवा. आज येवढं तरी क्येलं नसतं तर परत कवा?" बाकी वाटेत तुम्ही झोपलात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. एवढं जवळ तुम्ही कधी येत नव्हतात.

त्याच सुमारास आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की जगानं आता सेकंदाची व्याख्या बदलली आहे, पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरायचा तो आता अणूच्या थरथरीवरून ठरणार. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. बाहेर नुकताच एक धक्का येऊन गेला होता. "बरुबर हाय," तुम्ही म्हणालात, "ह्या पृथ्वीचा काय भरवसा धरायचा?" माझी वाट तिथंच ठरली असं मी पुढं मुलाखतींमध्ये सांगत असे. खोटं आहे ते. वाट ठरली ती त्या फळीवर हात ठेवला तेव्हा.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याहून आले. वंदना झाली, माणसं गेली, आणि घरातल्या व दुकानातल्या घड्याळांना चावी द्यायची कुणाला आठवण राहिली नाही. आठवड्याभरात ती एकेक करून थांबली. आधी लहान, मग मोठी. प्रत्येक थांबलं की घरातला आवाज तेवढा पातळ व्हायचा आणि आई मान वर करून त्या खिळ्याकडं बघायची. शेवटी दुकानातून घरी आणलेलं थोरलं एकटं राहिलं. ते थांबलं तेव्हा आई म्हणाली, "आता गेलं." कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

पुढं खूप वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत थंड अणूंची दोन घड्याळं शेजारी शेजारी उभी राहिली. ती एकमेकांशी किती काळ जुळून राहतात यावर त्यांची स्थिरता ठरते, आणि स्थिरता वाढवणं एवढंच तर आमचं काम. ती जुळली. इतकी जुळली की मुलांनी पेढे आणले. मी पडद्यावरची ती सरळ रेघ बघितली आणि आप्पा, मला त्या दुकानातला वास आला. तीच शांतता. मी म्हटलं, ही दोघं एका फळीवर आहेत. मुलं हसली. मग मी एकेक दाखवलं. दोन्ही घड्याळं एकाच जड टेबलावर. एकाच लेसरचा प्रकाश वाटून दोघांना दिलेला. दोघांना एकाच खोलीची ऊब. लेसर चळला तर दोघं सारखीच चळणार, खोली तापली तर दोघं सारखीच ढळणार, आणि वजाबाकी केली की आपल्याला दिसणार शून्य. बरोबर आहेत म्हणून जुळत नाहीत, संगतीनं चालतात म्हणून जुळतात. एकाला दुसऱ्या खोलीत न्यायला, त्याला स्वतःचा लेसर द्यायला कितीतरी महिने गेले. आणि दुसऱ्याच आठवड्यात दोन आवाज आले. मुलांची तोंडं उतरली. मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले, आनंदानं का कशानं ते नीट सांगता येत नाही. त्यानंतरच आम्ही खरी कारणं शोधायला लागलो, भिंतींची ऊब, जवळून जाणाऱ्या माणसाची ऊब, जमिनीचं हलणं, आणि घड्याळ खरोखर स्थिर झालं. माझं नाव झालं ते यावर. त्यात तुमच्या फळीचा उल्लेख कुठं नाही, कारण तिथं तसा रकाना नसतो.

आता मी निवृत्त आहे. तरी अधूनमधून जाते. त्या दोघांतलं पहिलं घड्याळ आता कामातून काढलंय, शिकणाऱ्या मुलांना दाखवायला ठेवलंय, आणि त्याची देखभाल माझ्याकडं आहे. त्याच्या वेळेवर आता जगात कुणाचंच काही अडत नाही. ते संध्याकाळी किंचित मागं पडतं. सगळे गेल्यावर, खोली रिकामी झाल्यावर. फार नाही, आमच्या मोजमापातच कळेल इतकं. अशा घड्याळाजवळ कुणी ऊबदार माणूस येऊन उभं राहिलं तर ते असंच मागं पडतं, हे मीच मुलांना शिकवत आले. मी स्वतः लांब, दाराशी बसते, म्हणजे ती ऊब माझी नाही. ऊब अडवायला उजवीकडच्या काचेवर पत्रा धरला की मागं पडणं थांबतं. डावीकडं धरला तर काहीच फरक पडत नाही. एवढं मी तपासलं आहे.

त्यापुढं नाही. कारण असणार, आप्पा. पलीकडच्या भिंतीत एखादी नळी असेल, मावळतीचं ऊन कुठून तरी पोचत असेल. एका दिवसाचं काम आहे. एका मुलीनं परवा विचारलंसुद्धा, मॅडम, मी बघू का? मी म्हटलं, राहू दे, मी बघते. सुभेदारांचं कारण तुम्हाला निदान ठाऊक होतं, आणि ठाऊक झाल्यावरच तुम्ही हात मागं घेतलात. मला ठाऊक नाही. आणि मी ते शोधत नाही. आज संध्याकाळी मी पत्रा काढून ठेवला, दाराशी येऊन बसले आणि पडद्यावरची रेघ खाली येईपर्यंत थांबले.